पंचनाम्यापलीकडचे नियोजन

आत्महत्या-प्रतिबंधाच्या शासकीय नियोजनाचा गेल्या चाळीस वर्षांचा मागोवा घेऊ लागले असता प्रथम नजरेत भरते ते हे, की सरकारदरबारी या विषयाचा प्रवेश आरोग्यखात्यातून न होता फौजदाराच्या चौकीतून झाला. 1860 च्या दंडसंहितेतील कलम 309 अन्वये, मरणाच्या उंबरठ्यावरून परतलेला इसम रुग्ण न ठरता आरोपी ठरे. साहजिकच त्याचे आप्तेष्ट खटल्याच्या धास्तीने घडलेला प्रकार दडवीत आणि उपचारही लांबणीवर टाकीत. मानसिक व्याधीने ग्रस्त अशा एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात, न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा समावेश असलेल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने 1986 साली हे कलम घटनाबाह्य ठरविले; 1994 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच कौल दिला; परंतु 1996 मध्ये घटनापीठाने तो फिरविला. योगायोग असा की जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा आरंभही 1996 चाच, म्हणजे एकाच माणसाकडे एक खाते वैद्य धाडीत होते आणि दुसरे शिपाई.

यानंतरचे प्रकरण विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांचे. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या 6 जिल्ह्यांसाठी 1 जुलै 2006 रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी 3,750 कोटी रुपयांची योजना जाहीर केली, तेव्हा तिच्यात सिंचन होते, व्याजमाफी होती, दुभती जनावरेही होती. खचलेल्या मनाशी दोन शब्द बोलणारा माणूस मात्र तिच्या केंद्रस्थानी नव्हता. मृताच्या कुटुंबास द्यावयाच्या एक लाख रुपयांच्या मदतीसाठी जमीन कोणाच्या नावे, कर्ज कोणत्या बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे, वसुलीचा तगादा होता की नाही, याची चौकशी होऊन प्रकरण ‘पात्र’ वा ‘अपात्र’ ठरे. आणि ज्या स्त्रीने आयुष्यभर कापूस वेचला परंतु जिचे नाव सातबाऱ्यावर कधी चढलेच नाही, ती या दफ्तराच्या हिशेबी शेतकरीच नव्हती. कारकुनांनी हयगय केली असे माझे म्हणणे नाही. खजिन्याचे हित राखण्यासाठी रचलेल्या प्रश्नावलीतून प्रतिबंधाची अपेक्षा बाळगणेच मुळात चुकीचे होते.

2015 च्या ‘प्रेरणा’ प्रकल्पाने हा क्रम प्रथमच उलटविला: 14 जिल्ह्यांत आशा सेविका घरोघर जाऊन, माणूस हयात असतानाच, त्याच्या झोपेची, चिंतेची, उदासीनतेची विचारपूस करू लागल्या. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील हे सर्वांत शहाणपणाचे पाऊल होय, जरी त्याचा गाजावाजा सर्वांत कमी झाला. पुढे 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा 2018 मध्ये अंमलात येऊन, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे आणि तिची शुश्रूषा व पुनर्वसन हे सरकारचे कर्तव्य मानावे, असा दंडक झाला. 2022 मध्ये 14416 या क्रमांकावरील ‘टेलि-मानस’ सेवा सुरू झाली आणि राष्ट्रीय धोरणही आले, ज्यात 2030 पर्यंत आत्महत्यांमुळे होणारे मृत्यू दहा टक्क्यांनी घटविण्याचा संकल्प आहे.

त्याच 2022 सालच्या राष्ट्रीय नोंदीत 1,70,924 आत्महत्या असून महाराष्ट्राचा आकडा, 22,746, सर्व राज्यांत अधिक आहे. देशभरच्या या मृतांपैकी चतुर्थांशाहून अधिक रोजंदारीवर राबणारे होते, ज्यांच्यापाशी दाखवायला सातबाराच नसतो. प्रत्येक जिल्ह्यात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग उघडण्यासाठी धोरणाने घातलेली पाच वर्षांची मुदत 2027 साली भरते.