परदेशातून मोटारीचा भाग मागविताना

चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण तुम्हाला ठाऊक आहेच. मोटारीचा सुटा भाग परदेशातून मागविताना ती हमखास आठवते.

आमच्या शेजारच्या काकांची जुनी फियाट आहे. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. तिचा पुढचा दिवा फुटला. इटलीत तो स्वस्त मिळतो असे कळताच काका हरखले. म्हटले, "काका, जरा थांबा. आधी हिशेब मांडू."

विमानाने येणाऱ्या खोक्याचे भाडे नुसत्या वजनावर ठरत नाही. लांबी, रुंदी, उंची यांचा सेंटिमीटरमध्ये गुणाकार करून त्याला बहुधा ५००० ने भागतात. ६०, ४० आणि ३० सेंटिमीटरचे खोके म्हणजे १४.४ किलो, आत माल चारच किलो का असेना! दोहोंत जे जास्त, त्याचे पैसे. शिवाय जकात बसते ती किंमत, भाडे व विमा यांच्या बेरजेवर. त्यात विमानभाडे मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांपर्यंतच धरतात, एवढाच दिलासा.

खरी मेख तर पुढेच आहे. इटलीत वाहने उजवीकडून चालतात. तिथला दिवा आपल्या रस्त्यावर लावला, तर झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जायचा!

तेव्हा मंडळी, भागावरचा क्रमांक टिपून घ्या आणि आधी मुंबई-पुण्याच्या जुन्या दुकानांत विचारा. मागवायचाच झाला, तर खोक्याचे माप आधी विचारा. काकांना दिवा पुण्यातच मिळाला.