डांबराचे मलम आणि तव्यावरची मिश्री

सोरायसिससाठी कोलटारचे मलम लिहून दिले, की ‘डांबराने कॅन्सर होतो ना?’ ही शंका मनात येणे साहजिक आहे. दगडी कोळशाच्या डांबरात बेंझोपायरीन असते. शरीरातील एन्झाइम्स त्याचे रूप बदलतात. मग ते पेशीच्या डीएनएला चिकटते आणि त्यात कायमचे बदल घडू शकतात. १९१५ साली जपानमध्ये सशाच्या कानाला वारंवार डांबर लावून कॅन्सर झाल्याचे दाखवले गेले. तरीही सोरायसिसच्या रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात या मलमाने कॅन्सर वाढल्याचे दिसलेले नाही. सांगितले तेवढेच आणि तेवढेच दिवस लावा.

मला जास्त काळजी मिश्रीची वाटते. जयसिंगपूर ही तंबाखूची जुनी पेठ. इकडे अनेक घरांत तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजतात. त्या भाजण्यातच बेंझोपायरीन तयार होते. तंबाखूतली नायट्रोसामाइन्स वेगळीच. मलम कातडीवर काही आठवडे लागते, मिश्री हिरडीवर वर्षानुवर्षे, तीही दिवसातून दोन-तीनदा. मिश्रीने दात घट्ट होत नाहीत. न लावल्यास डोके जड होते ते निकोटिनच्या सवयीमुळे.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली, तर दुखत नसली तरी दंतवैद्यांना दाखवा. मिश्री सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर फोन करा.