टर्बोवर खापर, दोष ब्रीदरचा

मोटार दुरुस्तीच्या धंद्यात आपल्या समाजाचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून पुण्याच्या नाना पेठेपर्यंत आणि तालुक्याच्या एस.टी. स्टँडमागच्या पत्र्याच्या शेडपर्यंत मिस्त्री, लेथवाले, वेल्डर, जुन्या पार्टांचे व्यापारी असे किती तरी बंधू याच रोजीवर घर चालवतात. हातात कसब आहे, त्याबद्दल शंका नाही. परंतु गाड्या बदलल्या. एके काळी टर्बो म्हणजे ट्रकचे काम समजले जाई. आज लहान पेट्रोल मोटारीतही टर्बो आहे, आणि त्याबरोबर बिघाडाची रीतही बदलली आहे. आज आम्ही त्यातल्या एकाच बाबीविषयी लिहिणार आहोत. ती बाब म्हणजे इंजिनच्या चेंबरमधली वाफ आणि तिला बाहेर काढणारा ब्रीदर.

प्रसंग नेहमीचा आहे. डिझेल जीप निळा धूर सोडू लागते. इंटरकूलरचा पाइप काढला तर आत तेल. मिस्त्री टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवून पाहतो, तो हलतो, आणि निकाल लागतो की टर्बो गेला. गिऱ्हाईक इकडून तिकडून उसने पैसे आणून नवा टर्बो घेतो. पंधरा दिवसांत धूर परत. टर्बोवाला म्हणतो बसवणाऱ्याची चूक, बसवणारा म्हणतो माल खराब, आणि मधल्या मध्ये गाडीवर पोट असलेला माणूस भरडला जातो. अशा भांडणांत टर्बो पुष्कळदा निर्दोष असतो.

शाफ्टचेच पाहा. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे फिरतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. बंद इंजिनात तेलाचा दाब नसतो, त्यामुळे तो आडवा थोडा हलणारच. पुढे-मागे मात्र तो जवळजवळ हलता कामा नये, आणि पात्यांच्या टोकांना घरावर घासल्याच्या खुणा नसाव्यात. या दोन गोष्टी ठीक असतील तर टर्बो बदलण्याआधी थांबावे.

चेंबरमध्ये दाब कसा साठतो

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळलेला वायू थोडा खाली उतरतोच. आपले मिस्त्री त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. त्या वायूत पाण्याची वाफ असते, न जळलेले इंधन असते, आणि फिरत्या क्रँकने उडवलेल्या तेलाचे तुषार त्यात मिसळतात. हे मिश्रण बाहेर गेलेच पाहिजे. जुन्या गाड्यांत एक नळी सरळ रस्त्याकडे सोडलेली असे. धुराने हैराण झालेल्या कॅलिफोर्नियात 1961 च्या मॉडेलपासून हा वायू परत इंजिनात ओढून जाळण्याची व्यवस्था आली आणि 1963 पासून ती साऱ्या अमेरिकेत पसरली. पुढे जगभर तीच रीत झाली.

साध्या पेट्रोल इंजिनात हे सोपे आहे. मॅनिफोल्डमध्ये ओढ असते, ती एका छोट्या व्हॉल्व्हमधून चेंबरची वाफ खेचते. टर्बो आला की गणित उलटते. ॲक्सिलरेटर दाबल्यावर मॅनिफोल्डमध्ये ओढीच्या जागी दाब असतो. म्हणून त्या वेळी हा व्हॉल्व्ह बंद होऊन वाफ दुसऱ्या नळीने टर्बोच्या अलीकडे, एअर फिल्टरच्या पाइपात गेली पाहिजे. तिथे टर्बोच्या खेचण्याने थोडी ओढ असते. व्हॉल्व्ह अडकला, फुटला किंवा घाणीने उघडा राहिला तर टर्बोचा दाब उलट चेंबरमध्ये शिरतो. मग डिपस्टिक वर उडते, टॅपेट कव्हरचे पॅकिंग गळते, क्रँकचे मागचे ऑइल सील तेल सोडते. मिस्त्री सील बदलतो, महिन्यात नवे सीलही गळते.

डिझेलमध्ये मॅनिफोल्डची ओढ मुळातच नसते. तिथे वाफ ब्रीदरमधून थेट टर्बोच्या अलीकडच्या पाइपात जाते. वाटेत तेल वेगळे करणारी जाळी किंवा चक्राकार खोली असते, बऱ्याच इंजिनांत दाब सांभाळणारा रबरी पडदाही असतो. जाळी काजळीने तुंबली की चेंबर फुगते.

आता टर्बोशी याचा संबंध काय? टर्बोला तेल पंपाच्या दाबाने मिळते, पण परत जाते ते केवळ स्वतःच्या वजनाने, खालच्या जाड नळीतून चेंबरमध्ये. चेंबरमध्येच दाब असेल तर तेल खाली उतरणार कसे? ते टर्बोत साचते. टर्बोच्या सीलही रबरी नसतात. पिस्टनच्या रिंगांसारख्या लोखंडी रिंगा असतात, आणि साचलेले तेल अडवणे हे त्यांचे काम नव्हे. तेल एका बाजूने सायलेन्सरमध्ये जाते, दुसऱ्या बाजूने इंटरकूलरमध्ये. नवा टर्बो बसवला तरी तो त्याच वाटेने जाणार.

पाण्याची नळी

चेंबरचा दाब मोजण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. प्लास्टिकची दोन मीटर पारदर्शक नळी घ्यावी, तिचा मोठा यू करून फळीवर बांधावा, निम्मे पाणी भरावे, मागे सेंटिमीटरची पट्टी लावावी. एक टोक डिपस्टिकच्या नळीला घट्ट जोडावे, दुसरे मोकळे ठेवावे. ओढ जास्त असेल तर पाणी इंजिनात जाऊ शकते, म्हणून मध्ये एक रिकामी बाटली जोडणे शहाणपणाचे. काही इंजिनांत डिपस्टिकची नळी तेलात बुडालेली असते. तिथे आकडा खोटा येतो. अशा गाडीसाठी जुन्या ऑइल कॅपला भोक पाडून निप्पल बसवून ठेवावे.

इंजिन गरम करून आधी आयडलवर पाहावे. पाणी जवळजवळ सारखे राहावे किंवा किंचित इंजिनाकडे ओढले जावे. मग शेजारी माणूस बसवून गाडी चढावर न्यावी. भाराखाली दोन बाजूंत काही सेंटिमीटरचा फरक चालतो. फरक वाढत वाढत पाणी नळीबाहेर उडू लागले तर चेंबर कोंडले आहे. कंपनीच्या पुस्तकात त्या इंजिनचा आकडा असेल तर तोच प्रमाण मानावा. अंदाजासाठी एवढे लक्षात ठेवावे की दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे एका बारचा शंभरावा भाग, आणि टर्बो एक बारच्या आसपास दाब सहज देतो. तो दाब चेंबरमध्ये शिरला तर सीलचे काय होईल हे वेगळे सांगायला नको.

दाब आढळला म्हणजे लगेच इंजिन खोलायचे असे नाही. आधी ब्रीदरची नळी काढून मोकळी सोडून पुन्हा मोजावे. आकडा पडला तर नळी, जाळी किंवा पडदा दोषी, काम शेकड्यांतले. नाही पडला तर एका जागी हमखास पाहावे, जिथे अनुभवी मिस्त्रीही फसतात, तो म्हणजे ब्रेकचा व्हॅक्यूम पंप. डिझेल गाडीत हा पंप अल्टरनेटरच्या मागे किंवा हेडच्या टोकाला असतो आणि ब्रेक बूस्टरमधून खेचलेली हवा चेंबरमध्येच सोडतो. बूस्टरचा पाइप कुठे फाटला असेल तर पंप बाहेरची हवा अखंड आत ओतत राहतो. गाडी उभी असताना पंपाजवळ ती नळी क्षणभर चिमटून पाहावी. पाण्याचा आकडा खाली आला तर रोग सापडला. तेव्हाही आला नाही तर कॉम्प्रेशन आणि लीकेज तपासावे. रिंगा गेल्या असतील तरच इंजिन बांधण्याची गोष्ट काढावी.

चेंबरमध्ये दाब नसूनही टर्बो तेल टाकत असेल तर त्याची परतीची नळी पाहावी. ती दबलेली असते, आत जळक्या तेलाचा कोळसा झालेला असतो, किंवा पॅकिंगला लावलेल्या लाल सिलिकॉनचा लोळा आत लोंबत असतो. हे सिलिकॉन आपल्या गॅरेजांत मलमासारखे सगळीकडे फासले जाते. टर्बोच्या नळीला ते लावूच नये. चेंबरमध्ये खुणेच्या वर भरलेले तेल हेही एक साधे कारण आहे.

पेट्रोल टर्बोत उलटा दोषही होतो. रबरी पडदा फाटला तर मॅनिफोल्डची ओढ चेंबरला खेचत राहते. आयडलवर शिट्टीसारखा आवाज येतो, इंजिन अडखळते, ऑइल कॅप उचलायला जड जाते. पाण्याची नळी हे लगेच दाखवते.

इंजिन बेफाम झाले तर

तेलाचा प्रश्न केवळ धुरापुरता नाही. डिझेल इंजिनला इंजिन ऑइलही इंधन म्हणून चालते. इंटरकूलरमध्ये तेल साचले आणि एकदम ओढले गेले, की इंजिन स्वतःच्या तेलावर धावू लागते. चावी काढून उपयोग होत नाही, कारण चावी डिझेल तोडते, तेल नव्हे. फेरे चढत जातात आणि शेवटी कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो. मॅन्युअल गाडी असेल आणि चालक आत असेल तर सर्वांत वरचा गिअर टाकून, ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडावा, इंजिन गुदमरून बंद पडते. नाही तर हवेची वाट बंद करावी. त्यासाठी जाड सपाट फळी वापरावी. हात किंवा फडके कधीही लावू नये, टर्बो ते ओढून घेतो. कार्बन डायऑक्साइडच्या अग्निशामकाचा झोत हवेच्या तोंडात सोडला तरी इंजिन थांबते. असा सिलिंडर प्रत्येक डिझेल गॅरेजमध्ये असावा. आणि जवळ जाता येत नसेल तर दूर व्हावे. इंजिन दुसरे मिळते.

पेट्रोलमध्ये असे होत नाही, पण तेलाची वाफ पेट्रोलचा ऑक्टेन उतरवते आणि नॉकिंग वाढते. इंधन थेट सिलिंडरमध्ये मारणाऱ्या इंजिनांत इनलेट व्हॉल्व्हवर पेट्रोल पडतच नाही, म्हणून वाफेतल्या तेलाची काजळी त्यांवर साचत जाते. तेलाच्या थेंबामुळे कमी फेऱ्यांवर मिश्रण अवेळी पेटण्याचा दोषही या छोट्या टर्बो इंजिनांत आहे. त्यासाठीच 2018 मध्ये एपीआयचा एसएन प्लस आणि 2020 मध्ये एसपी हा दर्जा आला. अशा गाडीत स्वस्त मिळाले म्हणून कोणतेही तेल भरू नये. बीएस-6 डिझेलमध्ये जळालेल्या तेलाची राख धुराच्या फिल्टरमध्ये कायमची बसते, हाही खर्चाचा मुद्दा.

डबी विकण्याआधी

यावर उपाय म्हणून वाफेच्या वाटेत तेल पकडणारी डबी, म्हणजे कॅच कॅन, बसवण्याची हौस वाढली आहे. बाजारात रंगीत ॲल्युमिनियमच्या डब्या येतात. त्यांतल्या पुष्कळ आतून रिकाम्या असतात आणि रिकामी डबी शोभेची. वाफ आडव्या पत्र्यांवर आपटली आणि जाळीतून गेली तरच तेल वेगळे होते. आपले वेल्डर आणि लेथवाले अशी डबी उत्तम बनवू शकतात. जाळी स्टेनलेस तारेची असावी आणि भोकांच्या पत्र्यात पक्की कोंडलेली असावी. भांडी घासण्याचा काथ्या नुसता कोंबला तर त्याचे तुकडे टर्बोच्या पात्यांत जातील. नळीचा आतला व्यास मूळ नळीपेक्षा कमी नसावा. नळी तेल सोसणारी हवी, पाण्याची साधी नळी गरम तेलाने फुगून चिकटते आणि आपणच ब्रीदर बंद केल्यासारखे होते. डबी एक्झॉस्टपासून दूर असावी. साचलेले परत इंजिनात ओतू नये, त्यात पाणी आणि इंधन असते. पावसाळ्यात जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ते मलईसारखे दिसते. तेवढ्यावरून हेड गॅस्केट गेले असे गिऱ्हाइकाला सांगू नये.

डबी वाटेतच बसवावी, तिच्या पुढची नळी पुन्हा मूळ जागी जोडावी. काही जण ब्रीदर रस्त्याकडे सोडून इनलेटला बूच मारतात. त्याने केबिनमध्ये वास येतो, हवा खराब होते, प्रदूषणाचा नियम मोडतो आणि गाडी वॉरंटीत असेल तर तीही जाते. इंटरकूलरमध्ये तेलाचा ओलसर थर असणे साहजिक आहे, त्यासाठी डबी विकणे बरोबर नाही. ओतल्यावर धार लागली तर मात्र चौकशी करावी. आणि रिंगा गेलेल्या इंजिनला डबी बसवून महिनाभर दोष झाकणे ही तर सरळ फसवणूक आहे.

जुन्या गाड्यांचे व्यापारी बंधू हेच जाड तेल भरून करतात अशी तक्रार आमच्या कानावर येते. मदिनेच्या बाजारात धान्याच्या ढिगाखाली ओला माल ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला हजरत पैगंबरांनी (स.) काय बजावले ते आपल्यातल्या प्रत्येकाने जुम्याच्या बयानात ऐकलेले आहे. घेणाऱ्याने गाडी गरम असताना ऑइल कॅप उघडावी. डिझेलमध्ये थोडी फुंकर येतेच, पण भकाभक धूर येत असेल तर पाण्याची नळी लावल्याशिवाय बयाणा देऊ नये. ब्रीदरची नळी सुटी किंवा अगदी नवी दिसली तर का, हे विचारावे.

मिस्त्री बंधूंनी तपासणीची मजुरी वेगळी सांगून घ्यावी. फुकट तपासणीचा खर्च शेवटी पार्टातून वसूल करावा लागतो, आणि नको असलेला पार्ट बदलण्याचा मोह तिथूनच सुरू होतो. टर्बो खरोखरच बदलावा लागला तर जुना गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा. इंटरकूलर आणि पाइप धुऊन पूर्ण कोरडे करावेत, तेल आणि फिल्टर बदलावा, तेलाची येणारी आणि परत जाणारी नळी साफ करावी, टर्बोत हाताने तेल सोडून मगच इंजिन चालू करावे. चेंबरचा दाब पुन्हा मोजून आयडलचा आणि चढाचा आकडा बिलावर तारखेसह लिहावा, आणि पुढच्या सर्व्हिसला त्याच नळीने पुन्हा मोजावा.