सही करण्याआधी एकत्र बसा

पेरणीच्या तोंडावर एका विद्यार्थ्याचे वडील हातात कागद घेऊन शाळेत आले. "गुरुजी, यात काय लिहिलंय तेवढं सांगा." शेती दोन एकर, कागद तीन पानी, तोही इंग्रजीत. बियाणे कंपनी देणार, माल कंपनीच घेणार. पण भाव कोणत्या दिवसाचा, वजन कोणाच्या काट्यावर, नापास ठरलेल्या मालाचे काय, यातले काहीच स्पष्ट नव्हते. आम्ही वाचून दाखवले. पण सही आदल्या दिवशीच झाली होती.

म्हणून करार शेती वाईट ठरत नाही. आपल्या खानदेशातच जळगावच्या जैन इरिगेशनने पांढऱ्या कांद्याची करार शेती अनेक वर्षे चालवली आहे. वाळवलेले काप आणि पूड करण्यासाठी हा कांदा लागतो. किमान भाव आधी ठरतो, म्हणून बाजार कोसळला तरी शेतकरी पार बुडत नाही. लहान शेतकऱ्याला हाच खरा आधार.

मात्र दोन एकरवाल्याच्या मालाने ट्रक भरत नाही, आणि एकट्याच्या बोलण्याला वजन येत नाही. मिरची असो, पपई असो की नवापूरची तूर. पंधरा-वीस घरांनी एकच वाण, एकाच आठवड्यात लावले तर ट्रक भरतो. बियाणे घाऊक दराने मिळते आणि कंपनीचा माणूस गावात येऊन बसतो. सुरुवात गावच्या शेतकरी गटाने करावी. कृषी विभागाच्या 'आत्मा' यंत्रणेकडे त्याची नोंद होते. गट टिकला तर पुढे शेतकरी उत्पादक कंपनी काढता येते. 2002 च्या कायदा-दुरुस्तीने ही वाट खुली झाली. त्यासाठी दहा उत्पादक पुरेत. शेतकरी सभासदाचे शेअर कितीही असोत, मत एकच.

गट मोडतो तो शब्द मोडल्याने. बाजार चढला की एखादा सभासद रात्रीतून बाहेर माल विकतो. बाजार पडला की घेणारा म्हणतो, "प्रत बसत नाही." दोघेही करार मोडतात; पण पुढच्या वर्षी गावात कोणी येत नाही, आणि नुकसान सगळ्या गटाचे होते.

मदिनेत लोक खजुराचे पैसे आगाऊ देत. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी तो व्यवहार बंद केला नाही, माप, वजन आणि मुदत ठरलेली असावी, असे सांगितले. या व्यवहाराला सलम म्हणतात. आजचा करार म्हणजे सलम नव्हे, पण ती शिकवण इथेही लागू पडते. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, साक्षीदार घ्यावेत, असा कुरआनचाही आदेश आहे.

म्हणून गटाच्या बैठकीत पाच गोष्टी विचारा: किमान भाव किती? प्रत कोण ठरवणार? काटा कोणाचा? पैसे किती दिवसांत? पीक गेले तर बियाण्याची उधारी कोणावर? उत्तरे मराठीत लिहून घ्या आणि एक प्रत गटाकडे ठेवा.

आणि वाचकहो, आपल्या घरात दहावी-बारावी शिकलेली मुलगी आहे ना? तो कागद तिला सर्वांसमोर मोठ्याने वाचू द्या. अंगठा किंवा सही त्यानंतर.