व्हाउचरसाठी कार्ड काढताय? थांबा!

ताईंनो, ‘क्रेडिट कार्ड काढा, व्हाउचर मिळवा’ असं कोणी म्हटलं, तर लगेच ओटीपी देऊ नका. उद्या म्हशीसाठी सावनेरच्या बँकेत कर्ज मागायला गेलात, की बँक आधी तुमचा सिबिल स्कोअर बघते. तो ३०० ते ९०० असतो. जास्त तेवढा चांगला. कार्डासाठी केलेला प्रत्येक अर्ज तिथं नोंदला जातो. थोड्याच दिवसांत चार-पाच अर्ज केले, तर बँकेला वाटतं, हिला पैशाची फार नड आहे. बिल थकलं, तर स्कोअर जास्तच घसरतो. व्हाउचर एकदाच मिळतं, कार्डाची फी मात्र दरवर्षी लागू शकते.

स्वतःचा स्कोअर पाहिल्यानं तो कमी होत नाही. वर्षातून एकदा अहवाल मोफत मिळतो. जमत नसेल तर बँक सखीची मदत घ्या.