सर्व्हर बंद पडला तरी ऑर्डर हरवू नये म्हणून काय करतात? मेसेज क्यू आणि क्लस्टर समजून घ्या

समजा तुम्ही फोनवरून ऑर्डर दिली, पैसे कापले गेले आणि नेमका त्याच क्षणी कंपनीचा एक सर्व्हर बंद पडला. आता ऑर्डर गेली की राहिली? याचं उत्तर बऱ्याचदा मेसेज क्यू कशी बसवली आहे यावर ठरतं. मोठ्या कंपन्यांच्या जावा सर्व्हरसाठी ही व्यवस्था निवडताना काय बघायचं, ते आज मी सोप्या भाषेत सांगतो. आयटीत जायचा विचार असेल तर नक्की शेवटपर्यंत वाचा.

मेसेज क्यू म्हणजे काय?

क्यू म्हणजे रांग. पैसे जमा झाल्याची नोंद करणारा प्रोग्राम ‘या ऑर्डरचं बिल बनवा’ असा मेसेज रांगेत टाकतो आणि पुढच्या कामाला लागतो. बिल बनवणारा प्रोग्राम तो मेसेज उचलतो, काम करतो आणि ‘झालं’ अशी पोच देतो. पोच मिळाल्यावरच मेसेज रांगेतून निघतो. ही रांग सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला ब्रोकर म्हणतात.

जावामध्ये ब्रोकरशी बोलण्याची ठरलेली पद्धत म्हणजे जेएमएस. आता तिचं नाव जकार्ता मेसेजिंग आहे. ही फक्त नियमावली आहे, ब्रोकर आपल्याला वेगळा निवडावा लागतो.

क्लस्टर आहे म्हणजे सुरक्षित आहे का?

इथेच खरी गोम आहे. क्लस्टर म्हणजे अनेक ब्रोकर एकत्र जोडणं. पण कशासाठी जोडले आहेत, हे विचारायला हवं.

अपाचे ॲक्टिव्हएमक्यू आर्टेमिसचंच उदाहरण घ्या. वाइल्डफ्लाय या जावा सर्व्हरमध्ये १० व्या आवृत्तीपासून तो आतच येतो. आर्टेमिसचे तीन ब्रोकर नुसते क्लस्टरमध्ये जोडले, तर काम तिघांत वाटलं जातं. पण एक बंद पडला, तर त्याच्या डिस्कवरचे मेसेज तो पुन्हा सुरू होईपर्यंत तिथेच अडकून राहतात. बाकीचे दोघे नवीन ऑर्डर घेत राहतात, तुमची मात्र लटकते!

म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो: प्रत्येक मेसेजची दुसरी प्रत कुठे आहे?

आर्टेमिसमध्ये याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात मुख्य आणि राखीव ब्रोकर एकच सामायिक स्टोरेज वापरतात. ज्याच्या हातात त्याचं कुलूप, तोच चालू. हे समजायला सोपं आहे, पण ते स्टोरेजच बिघडलं तर दोघंही अडकतात. दुसऱ्या मार्गात मुख्य ब्रोकर नेटवर्कवरून राखीव ब्रोकरकडे सतत प्रत पाठवतो.

दोन सर्व्हर का पुरत नाहीत?

प्रत पाठवण्याच्या पद्धतीत एक मोठा धोका आहे. दोन्ही ब्रोकर ठणठणीत आहेत, पण मधलं नेटवर्क तुटलं. राखीव ब्रोकरला वाटतं, मुख्य गेला. तो स्वतः कारभार सुरू करतो. आता एकाच रांगेचे दोन मालक झाले! याला स्प्लिट ब्रेन म्हणतात. मग एकच मेसेज दोन्हीकडून उचलला जाऊ शकतो.

यावर उपाय म्हणजे मतदान. ३ सर्व्हर असतील तर २ जणांचं बहुमत लागतं. एकटा पडलेला सर्व्हर गप्प बसतो. ३ मध्ये १ बंद पडला तरी काम चालतं, ५ मध्ये २ बंद पडले तरी चालतं. ४ ठेवले तरी बहुमताला ३ लागतात, म्हणजे सूट पुन्हा एकाचीच. त्यामुळे विषम संख्या ठेवतात.

मग निवडायचं काय?

• ॲप्लिकेशन आधीच जेएमएसवर चालत असेल, तर मी आर्टेमिसपासून सुरुवात करेन. राखीव ब्रोकर हवाच, आणि स्टोरेज सामायिक नसेल तर मतदानाची सोयही हवी.
• जेएमएसची अट नसेल, तर रॅबिटएमक्यूच्या कोरम क्यू बघा. त्या बहुमताच्या राफ्ट पद्धतीवर चालतात. ३ सर्व्हर ठेवा. जुन्या मिरर क्यू ४.० आवृत्तीत काढून टाकल्या आहेत, त्यामुळे जुने ट्युटोरियल जपून वापरा.
• प्रचंड प्रमाणात नोंदी येत असतील आणि त्या पुन्हा पुन्हा वाचायच्या असतील, तर काफ्का. प्रत्येक नोंदीच्या ३ प्रती ठेवा आणि किमान २ प्रती झाल्याशिवाय पोच देऊ नका.

तरीही एक काम तुमचंच

बिल बनलं, पण पोच पोहोचायच्या आत कनेक्शन तुटलं तर? ब्रोकर तोच मेसेज पुन्हा देतो. त्याच्या बाजूने ते बरोबरच आहे, कारण मेसेज हरवण्यापेक्षा दोनदा आलेला बरा. पण ग्राहकाचे पैसे दोनदा कापून चालणार नाही. म्हणून प्रत्येक ऑर्डरला वेगळा क्रमांक द्या आणि ‘या क्रमांकाचं काम आधी झालंय का?’ हे डेटाबेसमध्ये तपासूनच पुढे जा.

आणि हो, कागदावरच्या दाव्यांवर जाऊ नका. चाचणीच्या सर्व्हरवर १०,००० मेसेज सोडा, मध्येच एक ब्रोकर धाडकन बंद करा. मग दुसऱ्या फेरीत नेटवर्क तोडा. शेवटी मोजा: किती पोहोचले, किती दोनदा आले, किती गायब झाले. गायबचा आकडा शून्य आला, तरच ती व्यवस्था खऱ्या ग्राहकांसाठी वापरा.