लॅपटॉपवरचे सागरी नकाशे: परवडणारे कोणते, भरवशाचे कोणते?

मागे आवाज येतोय ना? बरं.

आजचा विषय छोटा आहे, पण शिडाची होडी चालवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने आम्हाला तो कधी ना कधी विचारलेला आहे. घरात लॅपटॉप असतोच. मग महागडं प्लॉटर यंत्र न घेता त्याच लॅपटॉपवर सागरी नकाशे घालून मुंबईहून मालवण-गोव्यापर्यंत जाता येईल का? आणि नकाशे घ्यायचे तर कोणते, म्हणजे खिशालाही परवडतील आणि होडीही खडकावर चढणार नाही?

जाता येतं. आम्ही गेलो आहोत. पण पहिल्या खेपेला आमचं काय झालं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं कशासाठी ते कळेल.

आम्ही चौघे होतो. लॅपटॉपवर एका ओळखीच्याने दिलेली, सगळ्या जगाचे चार्ट असलेली फुकटची फाइल होती. संध्याकाळी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीत शिरून नांगर टाकायचा बेत होता. खाडीच्या तोंडाशी आलो. दोन्ही बाजूंना किनारा डोळ्यांना दिसतोय, खाली पाणी आहे, आणि स्क्रीनवर आमची होडी मात्र डोंगरावरून चाललीय! आम्ही हसलो. मग हसणं थांबलं. कारण दिवसभर त्याच चार्टवरचे खडक बघून आम्ही वाट ठरवत होतो. किनारा दीड-दोनशे मीटर सरकलेला असेल, तर खडक कुठे असतील? त्या रात्री आत गेलो नाही. बाहेर दहा मीटर पाण्यात नांगर टाकून रात्रभर हेलकावे खात बसलो आणि सकाळी एका मच्छीमार होडीच्या मागोमाग आत शिरलो. चूक आमचीच होती. तो नकाशा कुणी केला, कधी केला, हे आम्ही एकदाही विचारलं नव्हतं.

तीन गोष्टी वेगळ्या ठेवा

लॅपटॉपवर दिशा शोधायची तर तीन गोष्टी लागतात: नकाशा दाखवणारा प्रोग्रॅम, आपण कुठे आहोत हे सांगणारा जीपीएस, आणि प्रत्यक्ष नकाशा म्हणजे चार्ट.

प्रोग्रॅमवर पैसे घालायची गरज नाही. 'ओपनसीपीएन' हा मुक्त प्रोग्रॅम विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो आणि जगभरचे होडीवाले तो वापरतात. जीपीएससाठी यूएसबीला लागणारा छोटा रिसीव्हर घ्या. तो एनएमईए ०१८३ नावाच्या ठरावीक भाषेत दर सेकंदाला अक्षांश-रेखांश पाठवतो आणि प्रोग्रॅमला ती भाषा कळते. हाही महाग नाही.

म्हणजे खरा खर्च आणि खरा विचार तिसऱ्या गोष्टीचा, चार्टचा. चार्टसाठी पैसे देतो तेव्हा आपण चित्र विकत घेत नसतो. कुणीतरी जहाज घेऊन जाऊन त्या पाण्याची खोली मोजली, आणि नंतर झालेले बदल कुणीतरी त्यात भरत राहिलं, त्याचे ते पैसे असतात.

रास्टर आणि व्हेक्टर

चार्ट दोन जातीचे. रास्टर म्हणजे कागदी चार्टचा हुबेहूब फोटो. कागदावर जे आहे ते सगळं दिसतं, काही लपत नाही. पण प्रोग्रॅमला त्यातलं काही कळत नाही. खडकाचं चिन्ह त्याच्या लेखी नुसते ठिपके.

व्हेक्टर चार्टमध्ये प्रत्येक खडक, बोया, दीपगृह, खोलीची रेषा ही स्वतंत्र नोंद असते. त्यासाठी आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटनेचं एस-५७ हे मानक आहे. इथे तुम्ही प्रोग्रॅमला सांगू शकता की आमच्या होडीला इतकं पाणी लागतं, त्याहून उथळ भाग वेगळ्या रंगात दाखव, आणि वाटेत आला तर ओरड. हा मोठाच फायदा. तोटा असा, की लांबून बघताना गर्दी होऊ नये म्हणून प्रोग्रॅम बारीकसारीक नोंदी लपवतो.

हे लपवणं किती महागात पडतं ते २०१४ साली जगाने पाहिलं. व्होल्वो ओशन रेस ही पृथ्वीप्रदक्षिणेची शर्यत चालू होती. केपटाऊनहून अबुधाबीला निघालेली 'टीम वेस्टास विंड' ही नौका २९ नोव्हेंबरच्या रात्री मॉरिशसच्या उत्तरेकडच्या कार्गादोस काराजोस या प्रवाळाच्या उथळ पट्ट्यावर जाऊन आदळली. माणसं सगळी वाचली. नौकेवर उत्तम सामग्री होती, नावाजलेले खलाशी होते. पण इलेक्ट्रॉनिक चार्ट ज्या पातळीवर झूम करून पाहिला गेला, तिथे त्या पट्ट्याचा धोका नीट दिसत नव्हता. जवळ जाऊन पाहिलं असतं तर दिसला असता.

तेव्हा नियम एकच. वाट आखली की घरी टेबलावर बसून, मोठं झूम करून, ती वाट पहिल्या मैलापासून शेवटच्या मैलापर्यंत बोट फिरवून बघायची. कंटाळवाणं काम आहे. पण समुद्रावर वारा वाढला, होडी कलली, की ते होत नाही.

झूमबद्दल आणखी एक. १:५०,००० प्रमाणाच्या कागदी चार्टवर अर्धा मिलिमीटर जाडीची पेन्सिलची रेघ म्हणजे समुद्रावर पंचवीस मीटर. तो चार्ट लॅपटॉपवर दहापट मोठा केलात तरी माहिती दहापट होत नाही. रेघ फक्त जाड दिसते.

चार्टचं वय आणि त्याचा भरवसा

अधिकृत व्हेक्टर चार्टमध्ये एक सोय असते, तिच्याकडे बहुतेक जण बघतच नाहीत. प्रत्येक भागाला भरवशाचा दर्जा दिलेला असतो: ए-१, ए-२, बी, सी, डी, आणि जिथे तपासणीच झालेली नाही तिथे यू. ए-१ मध्ये जागेची चूक पाच मीटरच्या आसपास धरलेली आहे. बी मध्ये पन्नास मीटर. सी मध्ये पाचशे मीटर! खोलीचंही तसंच. सी दर्जाच्या भागात चार्टवर दहा मीटर लिहिलं असेल तर अडीच मीटर इकडे-तिकडे होऊ शकतं. स्क्रीनवर मात्र ए-१ आणि सी दोन्ही सारखेच सुबक दिसतात. म्हणून तो दर्जा उघडून बघायचा.

आता कोकणाकडे या. मोठ्या बंदरांच्या वाटा नीट मोजलेल्या असतात, कारण तिथे मोठी जहाजं जातात. आपण जातो लहान खाड्यांमध्ये. खाडीच्या तोंडाशी वाळूची पट्टी असते आणि ती दर पावसाळ्यात सरकते. गेल्या वर्षीची वाट या वर्षी असेलच असं नाही. कितीही महाग चार्ट घ्या, ही वाळू त्यात ताजी मिळणार नाही. तिथे तांडेलाला विचारायचं, आणि भरती चढत असतानाच आत शिरायचं, म्हणजे टेकलो तरी वाढतं पाणी उचलून घेईल.

भरतीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. चार्टवरची खोली साधारण सगळ्यात खालच्या ओहोटीपासून धरलेली असते. त्यात त्या वेळची भरती मिळवायची. मुंबईला उधाणाच्या दिवशी हा फरक साडेचार मीटरच्या घरात जातो, गोव्याकडे दोन मीटरच्या आसपास. तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढायचा आपला जुना हिशेब, म्हणजे अष्टमीला आठ गुणिले पाऊण, सहा वाजता, हा अंदाजाला चांगला. पण खडकावरून जायचं असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाचे छापील भरतीचे तक्तेच बघा.

सरकलेला किनारा

आमची होडी डोंगरावर का चढली? जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ नावाच्या मोजणीच्या पायावर जागा सांगतो. जुने चार्ट वेगळ्या पायावर काढलेले होते. दोन्हींत काही ठिकाणी शे-दोनशे मीटरचा फरक पडतो. नव्या अधिकृत चार्टमध्ये ही दुरुस्ती झालेली असते. जुन्या कागदाचं कुणीतरी स्कॅन करून फिरवलेलं असतं, त्यात होईलच असं नाही.

जुन्या स्कॅनमध्ये दुसरी मेख खोलीच्या मापाची. ते आकडे कधी मीटरमध्ये, कधी वावांत असतात. एक वाव म्हणजे सहा फूट, १.८३ मीटर. मीटरचा आकडा वाव समजून वाचलात, तर आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट पाणी आहे असं वाटेल. कोपऱ्यातली टीप वाचल्याशिवाय चार्ट वापरू नका.

तपासणी सोपी आहे. ओळखीच्या जेट्टीच्या टोकावर लॅपटॉप आणि जीपीएस घेऊन उभे राहा. स्क्रीनवर तुम्ही जेट्टीवर दिसता की पाण्यात? अशी दोन-तीन ठिकाणं बघा. एका ठिकाणी बरोबर आलं म्हणून सगळीकडे बरोबर येईल असं नाही, पण एका ठिकाणी चुकलं तर तो चार्ट किनाऱ्याजवळ वापरायचा नाही, एवढं नक्की.

मग घ्यायचं काय?

तुम्ही कुठे होडी चालवता त्यावर हे ठरतं. अमेरिकेतून ऐकणाऱ्या मंडळींची चैन आहे. तिथली 'नोआ' ही सरकारी संस्था आपल्या किनाऱ्याचे अधिकृत व्हेक्टर चार्ट फुकट देते, ते सतत सुधारलेही जातात. उतरवून घ्या आणि ओपनसीपीएनमध्ये घाला.

आपल्याकडे अधिकृत चार्ट डेहराडूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय काढतं, कागदीही आणि इलेक्ट्रॉनिकही. इलेक्ट्रॉनिक चार्ट साधारणपणे तुकड्यातुकड्याने, ठरावीक मुदतीच्या परवान्यावर आणि कुलूपबंद स्वरूपात विकले जातात. म्हणून पैसे भरण्याआधी विक्रेत्याला स्पष्ट विचारा: आमच्या प्रोग्रॅममध्ये हे उघडतील का? मुदत संपल्यावर दिसायचे बंद होतील का? लॅपटॉप बिघडला तर दुसऱ्यावर घालता येतील का? सगळा किनारा घेऊ नका. जिथे थांबणार, जिथे खडक आहेत, ते तुकडे मोठ्या प्रमाणाचे घ्या. उदाहरणार्थ, मालवणला सिंधुदुर्गाजवळचा खडकाळ भाग, किंवा वेंगुर्ला रॉक्सचा परिसर.

दुसरा मार्ग खासगी कंपन्यांचे चार्ट, वर्षाच्या वर्गणीवर, फोनवरही चालणारे. ते स्वस्त पडतात. पण कंपनीच्या जाहिरातीतला चार्ट युरोपातल्या बंदराचा असतो. तुमच्या खाडीचा तुकडा आधी दाखवा म्हणावं, त्यात खोलीचे आकडे किती आहेत ते मोजा, आणि मग वर्गणी भरा.

तिसरं, उपग्रहाची छायाचित्रं. ती आधीच साठवून ओपनसीपीएनमध्ये चार्टसारखी लावता येतात. ओहोटीला उघडे पडणारे खडक, वाळूची पट्टी, जेट्टी यांसाठी फार उपयोगी. पण आपलं पाणी गढूळ, त्यामुळे तळ दिसत नाही. खोलीसाठी त्यांचा उपयोग शून्य.

आणि चौथं, ती फुकटची जगभरची फाइल. ती अजूनही फिरते आहे. परवान्याचा प्रश्न आहेच, शिवाय ती किती जुनी हे कळत नाही आणि तिच्यात दुरुस्त्या कधीच येत नाहीत. अधिकृत चार्टच्या दुरुस्त्या मात्र डेहराडूनहून दर पंधरवड्याला सूचनापत्रातून येतात. निघण्याआधी ती सूचनापत्रं चाळायची सवय लावा.

लॅपटॉप बंद पडणारच

लॅपटॉप सरासरी पंचवीस वॉट खातो असं धरा. बारा व्होल्टच्या बॅटरीवर ते दोन अँपिअरच्या थोडं वर, म्हणजे चोवीस तासांत पन्नास अँपिअर-तास. शंभरच्या साध्या बॅटरीतून निम्मंच वापरावं असा संकेत आहे, म्हणजे एका दिवसात ती संपली, आणि दिवे अजून लावलेलेच नाहीत! म्हणून किनाऱ्यापासून लांब असताना लॅपटॉप झोपवून ठेवा आणि दर तासाला उठवून जागा बघा. ती जागा वहीत लिहा.

शेवटी तिकडून चिठ्ठी आली आहे: एवढं सगळं केल्यावर कागदी चार्ट लागतोच का? आम्ही म्हणू, हो, निदान एक. लहान प्रमाणाचा, सगळा किनारा दाखवणारा. सोबत होकायंत्र आणि खोली मोजायचं यंत्र, तेही नसेल तर खुणा बांधलेली दोरी आणि शिसं. पैसे कमी असतील तर आमचा क्रम असा: आधी खोली मोजायची सोय, मग कागद, मग थांबायच्या जागांचे अधिकृत चार्ट, मग फोनवरचा दुसरा संच. मोठी स्क्रीन सगळ्यात शेवटी.

आणि डोळ्यांना एक दिसतंय, स्क्रीन दुसरं सांगतेय, असं झालं तर शीड उतरवा, बाहेर वळा, नांगर टाका. आम्ही त्या रात्री तेच केलं. झोप गेली, पण होडी शाबूत राहिली.

आता प्रश्न घेऊ या. विचारा.